‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करेल?

आमच्या ऑफिसातला चारचा चहा बंद पडला तो सरांमुळे, आणि पुन्हा सुरू झाला तोही सरांमुळेच.

मी नुकतीच त्या संस्थेत लागले होते. वर्ध्यातल्या एका जुन्या बैठ्या घरात आमचं ऑफिस. शेतकऱ्यांचे गट बांधायचे, त्यांच्यासाठी काहीबाही उभं करायचं, आणि ते उभं करताना गट, संस्था आणि ठेकेदार यांच्यात जे करारनामे व्हायचे ते सर लिहायचे. चहाचं असं होतं की, चार वाजले की कोणीतरी म्हणायचं, ‘चहा सांगितलाय.’ सगळे निवांत. एक दिवस साडेचार झाले, पाच झाले, चहा नाही. सर उठले आणि एकेका टेबलापाशी जाऊन विचारू लागले, ‘सांगितलाय म्हणता. कोणी सांगितला?’ हिशेबनीस म्हणाले, मला वाटलं मॅडमनी. मॅडमना वाटलं शिपायाने. शिपायाला वाटलं, आज चहा नकोच असेल. सर माझ्यापाशी येऊन थांबले. मी नवी, मी काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी माठाच्या वर भिंतीला एक पुठ्ठा लागला. ‘चहा सांगणार’, पुढे एक नाव. त्याखाली ‘ते नसल्यास’, पुढे दुसरं नाव. दोन्ही नावं भरेपर्यंत सरांनी चहा पिणार नाही असं जाहीर केलं, आणि ते पीत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांनाही घोट गिळवेना. शेवटी शिपायाने वैतागून स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली, सूड म्हणून, सरांचं. शिपाई लग्नाला गावी गेला की सर खरंच कोपऱ्यावर जाऊन चहा सांगून यायचे. पावसात छत्री घेऊनसुद्धा.

सरांचं एका शब्दाशी वैर होतं. ‘करण्यात येईल.’ तुमच्या-माझ्या डोळ्यांखालून हे शब्द रोज जातात आणि आपल्याला काही होत नाही. सरांना व्हायचं. ‘कुंपण बांधण्यात येईल’, ‘देखभाल करण्यात येईल’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. सरांच्या खिशात एकच पेन असायचं, लाल, आणि ते असल्या वाक्यांखाली रेघ ओढून समासात लिहायचे, ‘कोण?’ ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असं कुठे आलं की रेघ दोनदा. त्यांचं म्हणणं, ही भाषा माणसाला वाक्यातून हळूच मागच्या दाराने बाहेर काढते. काम वाक्यात राहतं, करणारा घरी जाऊन झोपतो.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘प्रकल्पाच्या सुकाणूसाठी अकरा सदस्यांची समिती गठित करण्यात येईल.’ तो कागद परत आला तेव्हा गोवर उठल्यासारखा दिसत होता. सर म्हणाले, ‘तीन माणसांची समिती निर्णय घेते. अकरा माणसांची समिती चहा घेते.’ मग जरा थांबून, ‘तोही कोणी सांगितला असेल तर.’

सरांकडे कायद्याची पदवी होती, पण वकिली केली नाही. का, असं विचारलं तर सांगायचे, एकदा कोर्टात उभा राहिलो, ‘पुढील तारीख देण्यात येते’ ऐकलं आणि घरी आलो. यातलं खरं किती आणि आमची गंमत किती, कोणास ठाऊक. आम्ही देवळीला बैठकीला निघालो की जीपमध्ये बसल्याबसल्या सर विचारणार, ‘गाडी कोण चालवणार ते दिसतंय. रस्ता कोण सांगणार? आणि दोघांचं भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं?’ देवळी काही परदेशात नाही. पण त्यांनी विचारलं की उत्तर द्यावंच लागे. लग्नपत्रिका आली की खालचं ‘आपले नम्र, समस्त परिवार’ वाचून त्यांची भिवई चढायची. ‘समस्त परिवार म्हणजे कोण? मला जेवायला पत्ता सापडला नाही तर मी फोन कोणाला करू?’

त्यांच्या पाठीमागे गावांतून त्यांना ‘कोनसाहेब’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना आवडायचंही, असा माझा संशय आहे.

नालवाडीला त्यांच्या घरी गेलं की मात्र वेगळी गंमत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या मला पाहून हमखास सुरू व्हायच्या. ‘तुमच्या सरांना विचारा, बाहेर एवढा कोण-कोणचा धोशा लावतात, घरात काय बोलतात? म्हणे, भाजी आणायची राहून गेली. राहून गेली! भाजी काय स्वतःच बाजारात जाते?’ सर पेपर वर धरायचे. पेपरामागून आवाज यायचा, ‘माझ्याकडून राहिली.’ ‘हां, असं म्हणा,’ म्हणत काकू चहाला जायच्या, आणि चहा आला की त्यांची दुसरी तक्रार असायची. दुधाची. पातळ, नुसतं निळं पाणी. दूधवाला बदला म्हणून त्यांनी कितीदा सांगितलं, पण हा एवढा चोखंदळ माणूस दूधवाला काही बदलत नव्हता. त्या दूधवाल्याचा एक पाय अधू होता. सायकल हातात धरून, लंगडत यायचा. सर स्वतः फाटकाशी जाऊन दूध घ्यायचे आणि त्याच्याशी उगाच काहीतरी बोलत उभे राहायचे.

त्याचं कारण मला कळलं ते देवळीहून परतताना. जीपमध्ये आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. मी थट्टेने म्हणाले, ‘सर, सगळ्यांना कोण-कोण विचारता, त्या दूधवाल्याला मात्र पाणी कोण घालतं ते विचारत नाही!’

सर हसले नाहीत. म्हणाले, ‘मी तेव्हा एका ठेकेदाराकडे कागद करायचो. तुमच्याएवढाच असेन. रस्त्याच्या कडेने पाइप टाकायचे होते. करारात एक वाक्य होतं, खोदलेल्या जागेभोवती कुंपण करण्यात येईल. सुंदर अक्षर होतं माझं. पहाटे हा सायकलसकट त्या खड्ड्यात गेला. मग चौकशी. ठेकेदार म्हणाला, कुंपण मुकादमाने करायचं. मुकादम म्हणाला, इंजिनिअरने सांगायचं. इंजिनिअर म्हणाला, कागद पाहा. सगळ्यांनी कागद पाहिला. वाक्यात माणूसच नव्हता. धरायचं कोणाला?’

‘पण सर, तुमचा काय दोष? तुम्ही फक्त लिहिलंत.’

‘हेच तर,’ ते म्हणाले. ‘कुंपण करायचं नाही असं कोणीच ठरवलं नव्हतं. कोण करणार, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं.’ मला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही, की ज्या गोष्टीची आम्ही इतकी चेष्टा करत होतो ती त्यांनी अशी जपून ठेवली होती. त्यानंतर त्यांच्याकडचा तो निळा चहा मी कधी अर्धा ठेवला नाही.

आता थंड खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सर म्हटलं की मला तीच आठवते.

धाम नदीच्या काठाने भाजी करणारी बरीच घरं आहेत. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी तोडलेला सांभार दुपारपर्यंत मान टाकतो, आणि व्यापाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून संस्थेने ठरवलं, त्यांच्या गटासाठी भाजी ठेवायची एक थंड खोली बांधायची. नागपूरचा ठेकेदार खोली उभी करणार, काही वर्षं यंत्र सांभाळणार, आणि खोली चालवणार गट. सरकारी योजनेची अट होती की प्रकल्पाची प्रमुख बाईच हवी. गटाने शोभाताईंचं नाव सुचवलं. चाळिशीच्या, अंगाने काटक, बोलायला कमी. म्हणजे त्या बोलायला कमी आहेत असं आम्हाला तेव्हा वाटत होतं, कारण त्यांचे यजमान त्यांच्या वाटचंही बोलायचे.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक होती. सर करार वाचत होते. ‘प्रकल्प प्रमुख’पाशी आले, तसे शोभाताईंचे यजमान पुढे सरकले. ‘लिहा न साहेब, लिहा तिचं नाव. पाहीन मी सगळं.’

सरांनी पेनाला टोपण लावलं. ‘मग तुमचंच नाव लिहितो.’

‘नाई नाई, बाईचं लागते न!’

‘बाईचं नाव लिहिलं तर बाई पाहतील.’

‘तेच तं म्हनून राह्यलो साहेब. नाव तिचं. बाकी आपन आहोच.’

‘आपण म्हणजे कोण?’ सर म्हणाले, आणि मांडी बदलून शोभाताईंकडे वळले. ‘ताई, खोलीची किल्ली कोणाकडे राहील?’

‘आमच्याकडं,’ यजमान म्हणाले.

‘मी ताईंना विचारलं.’

मग सगळं थांबलं. सर कोणाकडे न बघता बसून राहिले. बाया पदर सारखे करू लागल्या. मागे कोणीतरी खाकरलं. ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर मोबाइल बघून घड्याळ बघू लागला. मी सरांच्या कानाशी लागले, ‘सर, उशीर होतोय, पुढचं वाचा ना.’ त्यांनी मान हलवली, नाही. आपल्याकडे सभेत शांतता झाली की कोणीतरी घाईने ती भरून काढतो. सरांना ती भरायची नव्हती. त्यांना तिथे एकाच माणसाचा आवाज हवा होता.

चहा आला, गेला. आणि मग शोभाताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, ‘किल्ली माह्याकडं राहीन.’ यजमान काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली. ‘पन एक आहे साहेब. बाजाराच्या दिवशी मी वर्ध्याले राह्यते. त्या दिवशी किल्ली माह्या जावेकडं.’

सरांचा चेहरा असा खुलला की मी तो कधी विसरणार नाही. त्यांचा पुढचा प्रश्न, ‘तुम्ही नसलात तर कोण?’, त्यांनी विचारायच्या आधीच या बाईने सोडवला होता. त्यांनी टोपण काढलं आणि दोन्ही नावं लिहिली.

त्याच करारात एक ओळ होती, तीही शोभाताईंच्या नावावर. ‘काम थांबवण्याचा अधिकार प्रकल्प प्रमुखांना आहे.’ इंजिनिअर गालातल्या गालात हसला होता. ‘सर, ताई काम थांबवणार?’ सर म्हणाले, ‘चालवणारे सगळे असतात हो. थांबवायचं कोणी, ते आधी ठरलेलं बरं.’

खोली बांधून झाली. कामाच्या आराखड्यात शेवटचा टप्पा होता, यंत्र आठवडाभर रिकामं चालवून बघायचं, मग भाजी ठेवायची. पण उद्घाटनाला पाहुणे मिळाले होते आणि ते नेमके त्याच आठवड्यात मोकळे होते. मंडप पडला, बुंदी पाडायला सुरुवात झाली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष उत्साहात, ठेकेदार उत्साहात. आणि खरं सांगायचं तर सरही. त्यांनी आयुष्यात इतके कागद केले, पण डोळ्यांना दिसेल असं काही उभं राहिलेलं त्यांनी फार कमी पाहिलं होतं. आदल्या दिवशी शोभाताईंचा फोन आला, आराखड्यातला आठवडा झाला नाही, म्हणून उद्घाटन थांबवलंय. सरांनी तो फोन माझ्यासमोरच घेतला.

‘अहो ताई, यंत्र नवं आहे. एवढ्यावरून आता नको थांबवायला. चालू द्या.’

पलीकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘साहेब, थांबवाचा अधिकार कोनाचा लिहिला तुमी?’

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘सांगा न. कोनाचा?’

‘तुमचा.’

‘मंग थांबलं.’

फोन बंद झाला. सरांचे कान लाल झाले होते. अध्यक्षांचा रागाचा फोन आला तो त्यांनी निमूट ऐकून घेतला, आणि चारचा चहा न घेता घरी गेले. मला वाटलं, दुखावले. दुखावलेच होते. माणूस कितीही मोठा असला तरी आपणच दिलेला अधिकार आपल्यावरच चालला की चावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते माझ्या टेबलापाशी आले. ‘काल काय झालं पाहिलंत?’ असं सुरू करून त्यांनी तीच हकीकत मला सांगितली, जणू मी तिथे नव्हतेच. मग हिशेबनिसांना सांगितली. मग शिपायाला. प्रत्येक वेळी ‘मंग थांबलं’ हे शोभाताईंच्याच तोऱ्यात म्हणायचे आणि टेबलावर हलकेच थाप मारायचे.

यंत्र आठवडाभर चाललं. काहीही बिघडलं नाही. म्हणजे उद्घाटन झालं असतं तरी चाललं असतं. पाहुणे गेले ते गेलेच, पुढे शोभाताईंच्या जावेनेच नारळ फोडला. मी सरांना म्हणाले, ‘म्हणजे ताईंची चूकच झाली म्हणायची.’ ते म्हणाले, ‘बरोबर की चूक, ते सोडा. काम थांबलं, आणि ते कोणी थांबवलं हे आख्ख्या गावाला माहीत आहे. असं आपल्याकडे किती वेळा होतं?’ मला तेव्हा ते पूर्ण पटलं नव्हतं. बुंदी वाया गेली होती, तीच माझ्या डोळ्यांसमोर होती.

वर्षं गेली. खोलीने बरी साथ दिली. मग कराराची मुदत संपत आली, आणि वर्ध्यातला एक व्यापारी ठेकेदाराच्या कानाशी लागला की ही खोली मलाच चालवायला द्या, बायांच्या मागे कुठे लागता. नवा करार वेळेत झाला नाही तर यंत्र सांभाळायला कोणी बांधील राहणार नव्हतं, आणि यंत्र बंद पडलं की खोली व्यापाऱ्याच्या घशात जायला वेळ लागणार नव्हता. शोभाताई दोनदा एसटीने वर्ध्याला येऊन गेल्या. सर म्हणाले, ‘मी लिहितो. माझं नाव लिहून ठेवा.’

त्याच थंडीत एका सकाळी, फाटकाशी दूध घेताना, सर खाली बसले ते उठलेच नाहीत. दूधवाल्याने सायकल टाकून काकूंना हाक मारली.

शोकसभा आमच्याच सभागृहात झाली. टेबलावर सरांचा फोटो, हार, उदबत्ती. काकू पहिल्या रांगेत. गावोगावचे लोक आले होते, दूधवालाही आला होता, दाराशी उभा होता, आत बसा म्हटलं तरी बसला नाही. भाषणं झाली. सर किती शिस्तीचे, किती निष्ठावान, सगळं खरं, आणि तरी त्यात सर कुठे नव्हते. शेवटी अध्यक्ष ठराव वाचायला उभे राहिले. ‘...त्यांच्या निधनाने संस्थेची अपरिमित हानी झाली असून, त्यांनी हाती घेतलेले कार्य यापुढेही अखंड चालू ठेवण्यात येईल.’

‘कोन?’

आवाज मागच्या रांगेतून आला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. शोभाताई उभ्या राहिल्या होत्या.

‘काय म्हणालात ताई?’

‘कोन ठेवन चालू? नाव सांगा. आमच्या खोलीचा करार संपून राह्यला. साहेब लिहिनार होते.’

‘हो, हो. त्याबाबत संबंधित...’ अध्यक्ष म्हणाले आणि थबकले. सभागृहात कोणीतरी फुसकन हसलं. मी पाहिलं तर काकू. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांना दोन्ही आवरत नव्हतं.

मी उठून उभी राहिले. ‘मी लिहीन,’ मी म्हणाले. ‘या आठवड्यात. माझं नाव घाला ठरावात.’

वाटलं, झालं. शोभाताई बसतील. पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी एकदा टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘अन् तुमी नसल्या तं?’

हा प्रश्न मी सरांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल! कधी हसले, कधी कंटाळले, कधी त्यांच्या आधी मीच म्हणून दाखवला. पण समोर तो फोटो असताना तो ऐकला, आणि मला पहिल्यांदा कळलं की सर एवढी वर्षं आम्हाला काय विचारत होते. माणूस नसतो. खरंच नसतो. काल फाटकाशी होता आणि आज नाही, आणि भाजी तर उद्या सकाळीही तोडायचीच असते.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बोलत नव्हतं. अध्यक्षांना ती शांतता सोसेना, ते माइककडे हात नेत होते. मी मान हलवली, नाही.

शोभाताईंचे यजमान त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी घसा साफ केला. ‘लिहा न साहेब, लिहा तिचं...’

‘थांबा,’ शोभाताई त्यांना म्हणाल्या. ‘मी बोलून राह्यली न.’

आणि मग, पदर खांद्यावर नीट घेऊन, अध्यक्षांना म्हणाल्या, ‘ह्या मॅडम नसल्या तं मी. घ्या लिहून.’